भांडाराची किल्ली आणि तुझा तो डेटाबेस

मु. पो. चिचगड, ता. देवरी, जि. गोंदिया
दि. ११ एप्रिल २०२५

चि. इंद्रकुमार यास केशोराव भाऊजीचे आशीर्वाद. (पूर्ण देत नाही. अर्धे राखून ठेवले आहेत, कारण पुढे कळेलच.)

तू, सौ. खुशबू आणि लेकरं बरी असाल. पुण्याच्या लोकांना चाळीस अंशांत ऊन लागतं म्हणे, तर दुपारी बाहेर पडत जाऊ नका. इकडे तुझ्या ताईचा गुडघा ठीक आहे. तिची अंगणवाडी चालू आहे, लेकरांची वजनं घेते, मोबाइलवर भरते, घरी येऊन माझ्यावर लक्ष ठेवते. माझं म्हणशील तर डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, ते मी केलं. रक्तदाब तरी उतरला नाही. मग माझ्या ध्यानात आलं की तो मिठामुळे चढलेला नसून तुझ्यामुळे चढलेला आहे. फोन सोडून पत्र लिहायला बसलो ते याचसाठी. फोन स्पीकरवर ठेवून बोलायची तुझ्या ताईची सवय तुला माहीत आहे, आणि मला आज पोटभर बोलायचं आहे.

तू काय केलंस ते तुला आठवतही नसेल. होळीनंतर गावमंडळाची सभा झाली. आपलं भांडार तुला माहीत आहे, देवळामागची कौलारू खोली: भात शिजवायचे बारा गंज, नऊ कढया, पराती, तीनशे ताटं, सतरंज्या. गावात कोणाचं लग्न असो, तेरवी असो, भांडी इथून जातात आणि घासूनपुसून इथेच येतात. सव्वीस वर्षं त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला आहे. नियम दोनच. भांडं गावाच्या शिवेबाहेर जाणार नाही, आणि मरणाच्या घरी भांड्यासाठी कोणाला ताटकळावं लागणार नाही. (म्हणून मी परगावी जाताना किल्ली ओसरीतल्या खुंटीवर टांगून जातो. कोणीही यावं, न्यावं.) कुठलं भांडं कोणाच्या घरी आहे ते माझ्या वहीत असतं. तर त्या सभेत देवेंद्र उभा राहिला. देवेंद्र म्हणजे मंडळाचा नवा सचिव, झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं, आणि दुकानात कागदाची प्रत निघते म्हणून माणसाचीही निघते असं त्याला वाटतं. सगळ्यांदेखत मला म्हणाला, "केशोकाका, तुमची वही तुमच्याशिवाय कोनाले वाचता येत नाई. उद्या तुमचं काई बरंवाईट झालं त आमी भात कायच्यात शिजवाचा?"

माझं मरण, इंद्रकुमार, आणि याला चिंता भाताची! वर आणखी विचारतो, तो मोठा गंज कुठे आहे, अकरा वर्षांत दिसला नाही. मोठा गंज म्हणजे तुझ्या बाबूजींनी आपल्या लेकीच्या गावाला दिलेला, दोनशे माणसांचा भात एकदम शिजेल असा, कानावर त्यांचं नाव कोरलेला. मी म्हणालो, वहीत आहे. देवेंद्र म्हणाला, वाचा. मी म्हणालो, चष्मा घरी राहिला. मग ठरलं की अक्षय तृतीयेला लग्नं सुरू होतात, त्याआधी वीस एप्रिलच्या इतवारी सभा घ्यायची, तिथे भांडाराची सगळी यादी संगणकावर दाखवायची, भिंतीवर मोठी करून. केशोकाका दाखवतील तर किल्ली केशोकाकांकडे, नाही तर देवेंद्रकडे. सगळ्यांनी माना हलवल्या. ज्यांच्या लेकींच्या लग्नात मी कढया डोक्यावर वाहून नेल्या, त्यांनीही हलवल्या. मला फार लागलं ते. नोकरी सुटली तेव्हा इतकं लागलं नव्हतं.

त्या तावात मी तुला फोन केला. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की यादी कशात करतात. आणि तू (दात घासत होतास, मला ऐकू येत होतं) म्हणालास की भाऊजी, साधा तक्ता नको, चांगला डेटाबेस टाका, एकाचं दुसऱ्याशी नातं जोडता येतं, एका तासाचं काम आहे. एका तासाचं! आज पंचविसावा दिवस आहे.

पहिली गोष्ट, तू पाठवलेली चौदा पानं इंग्रजीत. असू दे, मॅट्रिकला मला इंग्रजीत बासष्ट मार्क होते. दुसरी गोष्ट, आमच्या लेकीचा, दुर्गेश्वरीचा, कॉलेजातला जुना लॅपटॉप पेटीतून काढला, तर त्याच्यात ते टाकण्याआधी उतरवून घ्यायला नेट पाहिजे, आणि आपल्या घरात नेट येतं फक्त न्हाणीच्या पायरीवर, तेही वारा असला तर. म्हणून मी सभागृहाच्या ओट्यावर जाऊन बसलो. दोन दिवस. हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती आणि येणारा-जाणारा थांबून विचारत होता, काऊन बसले जी? मोहफुलं वेचून येणाऱ्या बायाही टोपल्या उतरवून बघून गेल्या. शेवटी ते उतरलं. मी ते चालवलं. तर ते म्हणतं, माझ्याआधी दुसरं एक काहीतरी टाका. ते दुसरं आणायला पुन्हा ओट्यावर. ते चालवलं तर ते म्हणतं, तुमची विंडोज जुनी आहे, आधी ती नवी करा. जावयाचे रुसवे मी पाहिले आहेत, मी स्वतःही धरले आहेत, पण घरात पाय ठेवण्याआधी इतक्या मागण्या मी तरी केल्या नव्हत्या. तुझ्या बाबूजींना विचारता आलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

मग त्यानं मला सांगितलं की आता हा संगणक सर्व्हर होणार. मला आनंद झाला. मग तूच फोनवर म्हणालास की त्या सर्व्हरकडे मागायला जाणारा गिऱ्हाईकही हाच संगणक. म्हणजे पंगतीत वाढणाराही मीच आणि पानावर बसणाराही मीच! हे असं जेवण कोणत्या गावात असतं, इंद्रकुमार? दोघं एकाच पेटीत राहतात तर एकमेकांना नाव, गाव, दाराचा नंबर आणि पासवर्ड कशाला विचारतात? तुझी ताई भाजी निवडत होती, ती म्हणाली की आमच्या अंगणवाडीच्या मोबाइलमध्येही असंच असतं. मी म्हणालो, तू भाजी निवड.

पासवर्डचं तर मला सांगायचीही लाज वाटते, पण चूक माझी नाही. त्यानं मुख्य मालकाचा पासवर्ड मागितला. एक मोठं अक्षर पाहिजे, एक आकडा पाहिजे, एक चिन्ह पाहिजे, म्हणजे माणसाला आयुष्यात कधीच आठवू नये याची पूर्ण तजवीज. मी विचार केला. पासवर्ड म्हणजे किल्लीच. आणि भांडाराच्या किल्लीचा आपला रिवाज काय? मी नसलो तरी गावाचं अडू नये. म्हणून मी ओसरीत, त्याच खुंटीच्या खाली, भिंतीवर कोळशानं ठसठशीत पासवर्ड लिहून ठेवला. तुला फोनवर सांगितलं तर तू इतका हसलास की खुशबूनं येऊन विचारलं काय झालं. हसण्यासारखं काय होतं त्यात? जी किल्ली एकट्या माणसालाच माहीत, तो मेल्यावर तिचा उपयोग काय? देवेंद्र तेच तर म्हणत होता. तो मला आवडत नाही, पण बरोबर म्हणत होता.

मग पाडवा आला. पाडव्याआधी तुझी ताई घर सारवते आणि भिंतींना छुईमातीचा पांढरा हात देते, चाळीस वर्षं देते आहे. मी देवरीला गेलो होतो. परत आलो तर ओसरी कशी दुधासारखी पांढरीशुभ्र, खुंटी चमकते आहे, आणि खुंटीखाली काहीच नाही. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती काहीतरी सांगायला आली होती, पण मी ऐकून घेण्याच्या स्थितीत नव्हतो. मी सगळं काढून पुन्हा टाकायला घेतलं. काढलं म्हणतो मी, पण ते निघतं कुठे? वरून गेलं आणि आत बसून राहिलं. नवं टाकलं तर नवं म्हणतं, त्या दारावर आधीच कोणीतरी बसलं आहे. कोण बसलं आहे? तोच, जुना! माझ्याच घरात, माझ्याच दारात, मीच घालवलेला! तू म्हणालास, एक लपलेली फाइलींची खोली असते ती हातानं पुसायची. लपवली कशाला मग? तीन दिवस मी ती शोधत होतो. शेवटी तुझी ताई म्हणाली, "एकदा बंद करून चालू करून पाहा ना." तिचं मन राखायला मी केलं. योगायोगानं त्यानंतर चाललं.

आता तुला वाटेल, संपलं. तुझ्या चौदा पानांपैकी अजून सहावंच पान होतं. एक काळी खिडकी उघडली, तिच्यात मी तुझी पहिली आज्ञा अक्षरशः जशीच्या तशी लिहिली आणि एंटर दाबलं. खाली एक बारीकसा बाण आला आणि तो थांबला. मीही थांबलो. वाटलं, एवढं मोठं यंत्र आहे, विचार करत असेल. चहा झाला. पेपर वाचून झाला. तुझी ताई पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "ते तुमची वाट पाहून राहिलं. शेवटी अर्धविराम नाई दिला तुमी." पाऊण तास, इंद्रकुमार! पाऊण तास आम्ही दोघं एकमेकांची वाट पाहत बसलो होतो, एका अर्धविरामासाठी. यंत्रानं तोंड उघडून म्हणायला काय हरकत होती? (पुढचं टंकलेखन मग तिनंच केलं. मी वहीतून वाचायचो, ती मारायची. मला यातलं सारं कळतं, तिला काही कळत नाही, पण तिची बोटं चालतात.)

तीन तक्ते केले. एक भांड्यांचा, एक घरांचा, आणि तिसरा कोणतं भांडं कोणत्या घरी गेलं त्याचा. गावाची एकशे बेचाळीस घरं, प्रत्येकाला नंबर. आपल्याला नंबरानं कोणी ओळखत नाही, मी वहीत "विहिरीमागे", "मोठ्या आईकडे" असं लिहीत आलो, पण घातले नंबर. माझं घर सदतीस. मग भैय्यालालचं आलं. भैय्यालाल माघात वारला, देव त्याचं भलं करो. म्हटलं, यादी ताजी असावी, त्याचं नाव घरांतून काढून टाकू. यंत्रानं साफ नकार दिला. का, तर म्हणे या माणसाच्या नावावर एक कढई आहे, ती असेपर्यंत याला काढता येणार नाही. यमानं नेला, पण तुझा डेटाबेस सोडत नाही! मी रागानं नंदाबाईकडे गेलो, म्हणजे भैय्यालालच्या घरवालीकडे. म्हटलं, बाई, कढई परत दे, नाही तर तुझ्या नावावर करून घे. तिनं कढई पुढ्यात आणून ठेवली, लख्ख घासलेली, आणि म्हणाली, "कढई न्या भाऊजी. पन नाव राहू द्या त्याईचं. कोठी तरी लिवलेलं राहू द्या." मी कढई तिथेच ठेवून आलो. भैय्यालाल यादीत जिवंत आहे. देवेंद्रनं काढून दाखवावा.

आणि शेवटी आला मोठा गंज. माझ्या वहीत त्या ओळीत तारीख आहे, कार्य आहे, आणि घराच्या जागी काही नाही. रिकामं आहे. का रिकामं आहे ते इथे विचारू नको. कागदाची वही शहाणी असते, माणूस जिथे गप्प बसला तिथे तीही गप्प बसते. यंत्राला हे जमत नाही. रिकामं ठेवलं, तर म्हणतं रिकामं चालणार नाही. शून्य घातलं, तर म्हणतं शून्य नंबरचं घर गावात नाही. नऊशे नव्याण्णव घातलं, तेही नाही. त्या दिवशी तुझी ताई अंगणवाडीत होती, म्हणून मी एकटाच बसलो होतो त्याच्याशी झगडत. गंज भांडारात नाही, म्हणजे कोणाच्या तरी घरी आहे, कोणाच्या ते सांगा, एवढंच ते यंत्र पुन्हा पुन्हा लाल अक्षरांत विचारत होतं. सव्वीस वर्षांत मला इतकं खोदून कोणी विचारलं नव्हतं. शेवटी मी सदतीस लिहिलं. लगेच घेतलं त्यानं.

म्हणजे इतवारच्या सभेत भिंतीवर हातभर अक्षरांत दिसणार: मोठा गंज, केशोरावच्या घरी, अकरा वर्षं. देवेंद्रला मी काही सांगायची गरज नाही, किल्ली मीच कमरेची सोडून त्याच्या हातात देईन. सव्वीस वर्षं एका चमच्याची चोरी नाही, आणि जाताना हे नाव घेऊन जायचं. एका तासाचं काम म्हणे!

लेकरांना पापे. खुशबूला आशीर्वाद (पूर्ण).

तुझा भाऊजी,
केशोराव

ता. क. आंब्याचं लोणचं घातलं आहे. येणाऱ्या माणसाबरोबर पाठवीन.

ता. क. २. आता खरं लिहितो, एवढं सगळं त्याच्यासाठीच लिहिलं. गंज तुझ्याकडे आहे. २०१४ साली तुझ्या लग्नाला तू मागितलास, आणि शिवेबाहेर भांडं द्यायचं नाही हा माझाच नियम मी मोडला, कारण तू माझ्या निर्मलेचा, तुझ्या ताईचा, एकटा भाऊ आणि गंज तुझ्या बाबूजींचा. लग्नानंतर पुण्याच्या टेम्पोत सामान भरताना त्याच्यात गाद्या-उशा कोंबल्या आणि तो तसाच गेला. मागायला मला तोंड नव्हतं. दिवाळीत तू घराच्या गॅलरीचे फोटो पाठवलेस, त्यात तो कोपऱ्यात आहे, खुशबूनं त्याच्यात पाणी भरून कमळ लावलं आहे. मी कानावरचं नाव बोटांनी मोठं करून वाचलं. इंद्रकुमार, वीस तारखेच्या आत गंज घेऊन ये. गाडी भाड्यानं कर, रेल्वेनं आण, कसाही आण. पहाटे भांडारात ठेवू, कोणाला कळणार नाही. नाही आणलास तर सभेत मी तुझं नाव घेणार नाही, हे तुला माहीत आहे. सदतीसच राहील.

ता. क. ३. यातलं एक अक्षर तुझ्या ताईला कळता कामा नये. आपल्या भावानं बाबूजींचा गंज अडकवून ठेवला हे कळलं तर ती खचेल. ती माझी पत्रं वाचत नाही. माझं अक्षर डाकवाल्याला लागत नाही म्हणून फक्त पाकिटावरचा पत्ता तिच्याकडून लिहून घेतो.

इंद्र, पत्ता लिहाले चिठ्ठी मायाकडेच येते, हे त्याईच्या ध्यानात कधी आलं नाई. सारी वाचली. गंज तुयाकडे हाय हे मले त्याच दिवशी माहीत होतं, गाद्या मीच कोंबल्या होत्या. अकरा वर्सं बोलली नाई, काऊन का त्याईनं मायासाठी नेम मोडला, न् ते मले समजलं हे त्याईले समजू नये म्हनून. भिंतीवरचा पासवर्ड बी मले पाठ होता. तेच सांगाले गेली होती, पन मले कोनं इचारलं नाई. नवा त कॅलेंडरवर गॅसच्या नंबराखाली लिवून ठेवला हाय. आज दुपारी हे भांडाराकडे गेले, तवा मी संगणक उघडला. घरांच्या तक्त्यात एक नवं घर टाकलं, एकशे त्रेचाळीस, इंद्रकुमार, पुणे. मंग गंजापुढचा सदतीस काढला न् एकशे त्रेचाळीस लिवला. काई कुरकुर नाई केली त्यानं. इतवारी सारं गाव वाचेल. तुया भाऊजीले पुसता येत नाई, अर्धविराम इसरते. आता तुयं बी घर हाय गावात, न् गावातल्या मानसानं भांडं घासून वापस आनाचं असते. खुशबूले सांगजो, कमळ बालटीत बी फुलते. पहाटे लपून नको आनू. सभेत घेऊन ये, साऱ्याईच्या समोर, यायच्या पायाजवळ ठेव. किल्ली मले यायच्याच कमरेले पाहिजे.

तुयी ताई